फडक्याखालचा भाव

गाडी पहिल्यांदा आली त्या गुरुवारी बोरखडकचे सरपंच फेटा बांधून रुळांशेजारी उभे होते. साडेतीन किलोमीटर लांबीची मालगाडी त्यांच्यासमोरून पावणेदोन मिनिटं धडधडत गेली आणि थांबली नाही. तिच्या पुढे ड्रायव्हर नव्हता, मागे गार्ड नव्हता, त्यामुळे हार कोणाच्या गळ्यात घालायचा हा प्रश्नही उरला नाही. शेवटी बँडच्या म्होरक्याने तो आपल्याच गळ्यात घालून घेतला आणि मंडळी डोळ्यांतली धूळ चोळत घरी गेली.

पुढचे तीन महिने असंच चाललं. रोज आठ गाड्या जात. नवा कोरा फलाट, गुरं चढवायचा सिमेंटचा उतार, पाण्याची टाकी, सगळं तयार होतं. फक्त गाडी थांबत नव्हती.

हिरामण मासाळला या प्रकाराचा फार राग आला होता. बोरखडकचा शेळ्यामेंढ्यांचा बाजार चार तालुक्यांत मोठा. गुरुवारी पाच-सहा हजार जनावर उतरायचं. हिरामण तिथला दलाल, आणि त्याचा बापही तिथलाच दलाल. गाडीने अशा बाजाराकडे ढुंकूनही पाहू नये, हा त्याला स्वतःचा अपमान वाटत होता. रेल्वेच्या कचेरीतून पाटसकर मॅडम आल्या तेव्हा तो लिंबाखालच्या बाजेवरून उठलासुद्धा नाही.

"आमचा बाजार दिसत न्हाई व्हय तुमच्या गाडीला?" त्याने विचारलं.

"जनावरं दिसतात, मामा," रेवती पाटसकर म्हणाल्या. तिशीची, उन्हाने लाल झालेली बाई. न विचारताच बाजेच्या कडेला टेकल्या. "भाव दिसत नाही."

मग त्यांनी जे समजावून सांगितलं ते असं. या मार्गावर वेळापत्रक नव्हतं. कुठे थांबायचं, कुठे नाही, हे ठरवणारी एक गणकयंत्रणा होती. लोक तिला मास्तर म्हणत, कारण स्टेशनात दुसरा मास्तर नव्हताच. एवढी लांब, भरलेली गाडी थांबवून पुन्हा वेगात आणायची तर एका खेड्याला महिनाभर पुरेल इतकी वीज जाते, शिवाय मागच्या गाड्या खोळंबतात. तेव्हा थांबणं परवडलं पाहिजे. परवडतं कधी, तर इथे माल स्वस्त आणि पुढे महाग असेल तेव्हा. या दोन भावांतला फरक हेच मास्तरचं खाद्य. फोनवरचे व्यवहार, गोदामांच्या पावत्या, लिलावाचे आकडे यांतून तो देशभरचे भाव दर तासाला गोळा करी, फरक काढी, आणि ज्या गावात फरक मोठा तिथे गाडीला ब्रेक लावी. ज्या गावाचा भावच कळत नाही, तिथे तो फरक शून्य धरी आणि पुढे जाई.

बोरखडकचा भाव कळणार कसा? तो फडक्याखाली ठरत होता.

घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहत. दलाल खांद्यावरचं फडकं दोघांच्या हातांवर टाकी. मग आत बोटं बोलत. मनगट धरलं की दहा हजार, पंजा धरला की पाच, एक बोट एक हजार. तोंडाने दोघं वाटेल ते बोलत. "ह्ये काय बोकड हाय का मांजर?" असं एक म्हणे, दुसरा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, भोवतीची माणसं हसत. तोंडाला खोटं बोलायची मुभा होती. बोटांना नव्हती. फडक्याखाली एकदा धरलेलं बोट फिरवायचं नाही, खोटं धरायचं नाही. ज्याने धरलं त्याच्या हातात पुन्हा कोणी हात देत नसे. हिरामणच्या बापाने चाळीस वर्षं आणि हिरामणने छत्तीस वर्षं हे पाळलं होतं. घरात देव होते, पण हिरामणचा खरा देवधर्म एवढाच होता.

पाटसकर मॅडमनी पिशवीतून एक पातळ, करड्या रंगाचा हातमोजा काढला. त्याच्या पेरापेरांत ताण मोजणारे धागे विणलेले होते. कोणतं बोट किती दाबलं गेलं हे तो ओळखी आणि आकडा मास्तरकडे पाठवी.

"तुम्ही आहे तसाच सौदा करा," त्या म्हणाल्या. "फडकंही राहू दे. मोजा फक्त ऐकेल."

हिरामणने मोजा उलटसुलट करून पाहिला. "आन खोटं-खरं त्याला कळतं का?"

"नाही. तुम्ही सांगाल ते तो खरं मानणार."

हे ऐकून हिरामण खूश झाला. आपल्या बोटांवर कोणी असा विश्वास टाकावा, यात त्याला मोठा मान वाटला. माणूस चुकतो तो अशाच ठिकाणी. फडक्याखालचं दोघांतच राहतं, ही जन्मभराची सवय. तिसरा हात आत आला तरी तोही आपल्यासारखाच गप्प राहील, असं तो धरून चालला.

घरात विरोध केला तो एकट्या आक्काने. कोंडाबाई ही त्याची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून ढवळवाडीला चाळीस शेळ्यांवर एकटीने संसार रेटणारी. बायका फडक्याखाली हात घालत नसत. पण बापाने दोन्ही लेकरांना एकाच सतरंजीवर बसवून बोटांची भाषा शिकवली होती, आणि भावाबहिणीत सौदा व्हायचा तो आक्काच्या पदराखाली.

"बानं जे झाकून ठिवलं ते तू उघडं करायलास, हिरा," ती म्हणाली.

"अगं, गाडी थांबंल. तुझा बोकड चौदा हजाराला जातुया, मुंबईला त्योच चोवीसला हाय. मधलं दहा कोण खातंय?"

"कोण का खाईना. आपला भाव आपल्या हातात हाय ना?"

"हातात धरून काय त्याचं लोणचं घालायचं?"

आक्का हसली आणि वाद तिथेच संपला. पुढच्या गुरुवारी हिरामणने मोजा चढवला. त्याच्या पुढच्या गुरुवारी गाडी थांबली.

ती दोन वर्षं बोरखडकने पाहिली तशी कधी पाहिली नव्हती. भाव चौदावरून सोळा झाला, मग एकोणीस, मग बावीस. चहाची सात हॉटेलं झाली. आक्काने शेळ्यांसाठी पत्र्याची शेड घातली, खाली फरशी, वर पंखा. "माज्या शेळ्यास्नी वारं, आन मला न्हाई," असं ती सगळ्यांना सांगत फिरे, पण सांगताना तिचा चेहरा फुललेला असे. हिरामणला लोक रस्त्यात थांबवून पाया पडू लागले. त्याला ते आवडत होतं हे कबूल केलं पाहिजे.

त्याच दोन वर्षांत आणखीही काही होत होतं, ते मात्र कोणी लक्षात घेतलं नाही. जनावरं नेणारे बेचाळीस ट्रक तालुक्यात होते. गाडीपुढे त्यांचा धंदा बसला. मालकांनी ते एकेक करून विकले आणि ड्रायव्हर पुण्याकडे निघून गेले. आजूबाजूचे तीन लहान बाजार मोडले, कारण सगळं जनावर बोरखडकला येऊ लागलं. खाटकांचं जुनं ठरलेलं गिऱ्हाईक तुटलं. गावाचे हातपाय हळूहळू काढून घेतले गेले आणि त्या जागी एक मोठी गाडी बसवली गेली.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाटसकर मॅडम पुन्हा आल्या. या वेळी बाजेवर बसल्या नाहीत.

"मामा, चार आठवड्यांनी थांबा बंद होतोय."

हिरामणला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "बाजार तर भरलाय की. बघा तुमीच."

"बाजार भरलाय, पण फरक संपलाय. तुमचा भाव बावीस, तिकडचा चोवीस. दोन हजारांसाठी गाडी थांबवणं बसत नाही. निदान पाच लागतो."

"म्हंजी, आमचा भाव वाढला म्हणून गाडी जाणार?"

बाईंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. "हो. गाडी थांबते म्हणून भाव वाढतो, आणि भाव वाढला की गाडीचं काम संपतं. मग ती दुसऱ्या गावाला जाते, जिथे अजून स्वस्त आहे. पुढे जाऊन सगळीकडे भाव सारखा होतो. देशाच्या हिशेबात हे चांगलंच आहे."

"आन आमी जनावरं न्यायची कशावरनं? ट्रक तर गेलं."

"ते मी वर लिहिलंय," त्या म्हणाल्या. वर म्हणजे कुठे, ते हिरामणने विचारलं नाही, कारण वर फक्त मास्तर होता हे त्यालाही ठाऊक होतं.

त्या दुपारी मुनीर कुरेशी लिंबाखाली आला. मुनीर हा बाजारातला सर्वांत जुना घेणारा. तीस वर्षं त्याचा हात हिरामणच्या फडक्याखाली येत होता आणि दोघांत कधी वाकडा शब्द गेला नव्हता.

"हिरामणभाऊ, एक बोलू? मोज्याला खोटं-खरं कळत न्हाई म्हणं."

"मग?"

"मग त्याला सतरा दाखवा. चोवीसमधनं सतरा गेलं, सात राहिलं. गाडी कुटं जातीय मग? सतराच्या वरचं बावीसपतुर आमी सांभाळतो. सतरा फडक्यात, पाच रोख हातात. सगळ्या घेणाऱ्यांशी बोलून घितलंय. कुणाचं नुकसान न्हाई."

हिरामण ताडकन उठला. "मुनीर, खोटं बोट धरू मी?"

"माणसाला न्हाई धरायचं. मशीनला धरायचं."

"फडकं तर त्येच की रं."

"फडकं त्येच," मुनीर खाली बघत म्हणाला. "पर गाव बी हेच हाय. सा हजार जनावर घिऊन लोक कुटं जाणार, तुमीच सांगा."

हिरामण चार दिवस जेवला नाही, म्हणजे जेवायला बसे आणि उठे. सरपंच येऊन गेले, हॉटेलवाले येऊन गेले. सगळे एकच बोलत: अण्णा, तुमच्या बोटावर गाव हाय. दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य त्याला फुलांसारखं वाटलं होतं.

गुरुवारी त्याने फडकं टाकलं. मुनीरच्या हाताला मनगटाशी धरलं, मग पंजा, मग दोन बोटं. सतरा. मुनीरने मान हलवली आणि दुसऱ्या हाताने पाच हजार शेळीवाल्याच्या खिशात सारले. आभाळ कोसळलं नाही. हिरामणचा हात मोज्यात घामाने भिजला होता, इतकंच. संध्याकाळपर्यंत त्याने चारशे सौदे केले आणि चारशे वेळा खोटं धरलं. शेवटच्या शंभरात त्याला काही वाटेनासं झालं, आणि त्याचीच त्याला सर्वांत जास्त भीती वाटली.

थांबा राहिला. गावाने पेढे वाटले.

पण मोजा ऐकत होता तसा सांगतही होता. बोरखडकचा भाव आता मास्तरच्या फलकावर, प्रत्येकाच्या फोनवर दिसत होता: सतरा. तो पाहून सोलापुराकडचे नवे घेणारे बाजारात उतरले. त्यांना रोख पाचाचं कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी का द्यावं? त्यांनी फोन पुढे केला. "तुमचाच भाव हाय ना ह्यो? सतरा. त्याच्या वर कशाला?" जनावर परत न्यायला ट्रक नव्हता, विकायला दुसरा बाजार नव्हता. शेळीवाल्याने सतराला दिलं.

महिन्याभरात मुनीर मान खाली घालून आला. "भाऊ, त्ये सतरात घ्यायलेत. मी बाविसात घिऊन विकू कुणाला? हे पाच आता जमायचं न्हाई."

मुनीरचं चुकलं होतं असं हिरामणला म्हणता येईना. खोटं बोट आपण धरलं होतं, आणि आता ते खरं झालं होतं.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. राजस्थानातून स्वस्त बोकड मुंबईत उतरू लागले, म्हणून तिकडचा भाव एकवीस झाला. फरक पुन्हा घटला. चार आठवड्यांची सूचना पुन्हा आली. हिरामणने पंधरा दाखवला आणि पंधराच भाव झाला. तिकडे एकोणीस झाला तेव्हा हिरामणने तेरा दाखवला. गाडी येण्याआधी बोरखडकला मिळत होता त्याहून एक हजार कमी. हॉटेलं दोन उरली. गाडी मात्र दर गुरुवारी न चुकता थांबत होती, आणि तिला थांबवण्यासाठी बोरखडकला दरवेळी थोडं आणखी गरीब व्हावं लागत होतं. लोक आता हिरामणच्या पाया पडत नव्हते. शिव्याही देत नव्हते. त्याला पाहिलं की रस्ता बदलत, आणि बाजारात मात्र मुकाट्याने त्याच्याकडेच जनावर आणत.

पाटसकर मॅडमची बदली झाली होती. त्यांच्या अहवालात बोरखडकचं नाव यशस्वी थांबा म्हणून आलं, असं सरपंच सांगत होते.

एका गुरुवारी सकाळी आक्का आली. पाठीमागे उरलेल्या अठ्ठावीस शेळ्या आणि दोन बोकड. ढवळवाडीहून आठ कोस चालत आणलेल्या. तिचे पाय धुळीने पांढरे झाले होते.

"सगळ्या?" हिरामणने विचारलं.

"सगळ्या. गुडघं ऱ्हायलं न्हाईत आता. वारं घालाय पंखा हाय, चारायला माणूस न्हाई." ती लिंबाच्या बुंध्याशी टेकली. "शेडचा पत्रा बी काढून द्यायचाय. कुणी असलं तर बघ."

हिरामणने तिला तांब्या भरून पाणी दिलं. ती सगळं प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "मोजा काढ."

"आक्का..."

"मोजा काढ, हिरा. फोनातला भाव मला म्हाईत हाय. म्या वाचाय शिकलीया. मला खरा भाव पायजे. बाच्या हातचा."

त्याने मोजा काढला. हात आतून पांढरा पडला होता, सुरकुतला होता, बरेच दिवस पट्टीत बांधून ठेवलेल्या जखमेसारखा. आक्काने पदर पुढे ओढून दोघांच्या हातांवर टाकला. आसपासची चार माणसं वळून बघू लागली, मग नजर काढून घेतली.

पदराखाली आक्काने त्याचं मनगट धरलं. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग दोन बोटं. बावीस. तिने आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला भाव मागितला होता, पंख्याच्या शेडच्या दिवसांतला. हट्टाने नव्हे. सौद्याला सुरुवात कुठून तरी करायची असते, आणि मग दलाल त्यावरून खाली येतो, असं बापाने शिकवलं होतं. आता हिरामणने उत्तर द्यायचं होतं.

त्याने बोटं हलवायला घेतली आणि ती तशीच थांबली. खरा भाव कोणता? चौदा? तो गाडीच्या आधीचा, तो गेला. बावीस? तो गाडीने दिला आणि तिनेच परत घेतला. तेरा हा त्याने स्वतः बनवलेला. मुंबईचा एकोणीस इथल्या कुणाच्या हातात कधी पडलाच नव्हता. छत्तीस वर्षं जनावराच्या पाठीवरून हात फिरवला की आकडा आपोआप बोटांत येत असे. आता त्याने डोळे मिटून शोधला तरी काही येत नव्हतं. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, पण खरं तरी काय सांगावं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आक्का थांबली. तिच्या हाताची पकड सैल होत गेली, पण तिने हात काढला नाही.

"न्हाई येत?" तिने हळू विचारलं.

हिरामणने मान हलवली. त्याला रडू फुटेल असं वाटत होतं, आणि साठीच्या माणसाने भर बाजारात रडायचं कसं?

लांबून रुळांचा आवाज यायला लागला. उतारावर माणसं जनावरं हाकू लागली. मोज्यात न नोंदलेलं जनावर गाडीत चढत नसे, आणि ही गाडी गेली तर शेळ्या आठ कोस परत न्याव्या लागणार होत्या, आणि आक्काच्या गुडघ्यांना ते झेपणार नव्हतं. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"घाल त्यो," आक्का म्हणाली. "घाल, उशीर व्हतोय."

त्याने मोजा चढवला आणि तिच्या पदराखाली हात पुन्हा आत घातला. बहिणीचं मनगट धरलं. मग तीन बोटं, एकेक करून, सावकाश. मोज्यातला छोटा दिवा हिरवा झाला. आक्काने मान हलवून सौदा पक्का केला, जसा कोणत्याही दलालाशी करतात, आणि पदर काढून डोक्यावर घेतला.

गाडी वेळेवर आली आणि थांबली.